प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : गोल्फच्या स्टिकचा दांडा का मोडतो?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : नेहमीसारखा फटका मारला आणि स्टिक हातात, तिचे डोके (चेंडूला लागणारा खालचा भाग) लांब गवतात. उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. ज्या फटक्यात दांडा मोडतो तो फटका बहुतेक वेळा निर्दोष असतो. दांडा त्याच्या कितीतरी आधी, गंजाने, ओरखड्याने, उष्णतेने किंवा चुकीच्या जोडणीने अर्धा मोडलेला असतो. मोडलेले टोक नीट बघितले तर त्यावर हे सगळे वाचता येते, म्हणून ते टोक कृपा करून फेकू नका.

नव्या वाचकांसाठी काही शब्द. दांड्याला शाफ्ट म्हणतात. डोक्याची जी नळी दांडा आत घेते तिला हॉझल म्हणतात. त्या सांध्यावर बसवलेली प्लास्टिकची काळी कडी म्हणजे फेरूल. आणि दांडा आत धरून ठेवणारा डिंक म्हणजे दोन भाग मिसळून करायचे इपॉक्सी. आयर्न आणि ड्रायव्हर हे स्टिकचे प्रकार : आयर्न धातूच्या चपट्या डोक्याची, ड्रायव्हर लांबच्या फटक्यासाठी मोठ्या डोक्याचा.

प्रश्न : माझी 7 नंबरची आयर्न फेरूलच्या वर बोटभर अंतरावर तुटली. दांडा स्टीलचा. जमीन ओली, मऊ होती, दगड लागला नाही. ओळखीचे सगळे म्हणतात, तुम्ही फार जोर लावता. खरंच जोराने स्टील तुटतं का?
*एक वाचक, टिळकवाडी*

नुसत्या जोराने नाही. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमाने 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि स्टिक व चेंडू एकमेकांना लागलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. माणसाच्या ताकदीने मारलेल्या असल्या फटक्यासाठीच स्टीलचा दांडा बनवलेला असतो. शाबूत दांडा चेंडूने तुटत नाही.

तुमचा दांडा जिथे तुटला ती जागा मात्र कारणाकडे बोट दाखवते. दांडा पकडीकडे जाड आणि डोक्याकडे बारीक होत जातो. आयर्नचे खालचे टोक जेमतेम 9 ते साडेनऊ मिलिमीटर जाडीचे असते, आणि नळीची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ. हे बारीक टोक हॉझलच्या आत घट्ट धरलेले. आतला भाग वाकू शकत नाही, बाहेरचा वाकतो. प्रत्येक फटक्यात सगळा वाक त्या सीमारेषेवर येऊन थांबतो. पत्र्याची पट्टी व्हाइसमध्ये धरून पुढेमागे हलवली की ती जबड्याच्या काठालाच तुटते, तसेच हे. त्या रेषेवर गंजाचा एखादा खड्डा किंवा कानशीचा ओरखडा असला की तिथे केसाएवढी चीर सुरू होते आणि फटक्यागणिक थोडी थोडी आत सरकते. शेवटी उरलेला भाग भार पेलत नाही.

आता तुटलेले टोक उन्हात धरा आणि भिंगातून बघा.

कडेचा काही भाग तपकिरी, काळपट, गुळगुळीत आणि बाकीचा चकचकीत, खरखरीत दिसत असेल तर तपकिरी भाग जुनी चीर आहे आणि चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. तपकिरी भाग जितका मोठा तितके दिवस तुम्ही मोडकी स्टिक वापरत होता. पूर्ण टोक चकचकीत आणि दांडा तुटायच्या आधी वाकलेला असेल तर एकच मोठा आघात : झाडाचे मूळ, जांभ्याचा दगड, किंवा फटका पूर्ण होताना फांदीला लागणे. नळी गोल राहिलेली नसेल, एका बाजूने चेपून लंबगोल झाली असेल, तर ती आधी कशावर तरी आपटली किंवा दाबली गेली आहे. चेपलेली नळी वाकायला नळीसारखी राहत नाही, शीतपेयाच्या रिकाम्या डब्यासारखी घडी घालते. आणि टोक आतल्या बाजूने तांबूस, बाहेरून स्वच्छ असेल तर पाणी आत शिरले आहे. त्यासाठी पुढचे उत्तर वाचा.

मऊ ओल्या जमिनीत तुटली म्हणता त्यावरून आमचा अंदाज गंजाच्या चिरेचा आहे. चिखलात डोके रुतून थांबते आणि हात पुढे जात राहतात. कोरड्या गवतावरच्या स्वच्छ फटक्यापेक्षा त्या वेळी वाक खूप जास्त येतो. निरोगी दांडा तो सोसतो, चीर पडलेला सोसत नाही.

एक सवय तपासून बघा. बुटाच्या तळव्यातला चिखल काढायला स्टिकचा दांडा बुटावर आपटणे, चेंडूची वाट बघताना स्टिकवर रेलून उभे राहणे, वाईट फटक्यानंतर डोके जमिनीवर हाणणे. रेलताना दांडा मधोमध वाकतो, आपटताना चेपतो. शेवटच्या प्रकाराबद्दल नियमही कडक आहे. ते पुढे येईलच.

प्रश्न : मी कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहायचं काम करतो. पावसाळ्यात लोकांच्या स्टिका रोज पुसून ठेवतो, तरी सप्टेंबर उजाडेपर्यंत एकदोन तुटतातच. बोल आम्हाला बसतात. पुसण्यात काय चुकतंय?
*एक वाचक, हिंडलगा*

पुसण्यात चूक नाही. पाणी जिथून आत जाते ती जागाच कोणी दाखवली नसेल. पकडीच्या वरच्या टोकाला, रबराच्या टोपीत, मधोमध एक बारीक भोक असते. ग्रिप चढवताना आतली हवा बाहेर जावी म्हणून ते ठेवलेले असते. बॅगेत स्टिका डोके वर, पकड खाली अशा उभ्या राहतात. पावसाचे पाणी बॅगेच्या तळाशी साचते आणि पकडी त्यात बुडून राहतात. त्या भोकातून पाणी पोकळ दांड्यात चढते. मग खेळाडू स्टिक उचलतो, फिरवतो, आणि ते पाणी सरळ खालच्या टोकाला, हॉझलच्या तोंडाशी जाऊन बसते. दांड्याला बाहेरून क्रोमचा मुलामा असतो, आतून नसतो. बाहेर आरसा, आत गंज. आणि गंज नेमका तिथे, जिथे सगळ्यात जास्त वाक येतो.

दुसरी वाट खालून. स्टिका धुताना बादलीत फेरूलच्या वरपर्यंत बुडवल्या की फेरूलच्या कडेने पाणी सांध्यात मुरते. डोके धुवायचे तर फक्त फटक्याचा चपटा भाग ओल्या ब्रशने घासा, बादलीत उभी करून ठेवू नका.

दिवसाच्या शेवटी असे करा. आधी बॅग पूर्ण रिकामी करून उलटी टांगा. तळाशी हात घालून बघा, स्पंज किंवा चिंधीने पाणी टिपून घ्या. प्रत्येक स्टिक पकड खाली करून दोनतीनदा हलकी झटका, भोकातून थेंब पडले तर तिला वेगळी ठेवा. दांडा वरून खाली कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि फेरूलच्या कडेला फडक्याचे टोक फिरवा. मग रात्रभर आडव्या ठेवा, हवा लागेल अशा, एकमेकींना न चिकटवता; फळीवर दोन लाकडी पट्ट्या टाकून त्यावर रांगेने ठेवल्या तर उत्तम. चुलीजवळ किंवा हीटरसमोर नकोत. आठवड्यातून एकदा स्टीलच्या दांड्यावरून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेतलेले फडके फिरवा आणि कोरड्या फडक्याने ते पुन्हा पुसून काढा. पकडीला तेल लागू देऊ नका. डोक्यांवरची लोकरीची टोपरी ओली असतील तर ती काढूनच ठेवा, नाहीतर रात्रभर ओल्या मोज्यात पाय ठेवल्यासारखे होते.

भोकावर चिकटपट्टी लावली तर? पावसाच्या दिवसापुरती चालते. पण आत आधीच पाणी असेल तर ते कोंडले जाते, म्हणून घरी आल्यावर काढायची.

राहिला बोल बसण्याचा भाग. तुटलेल्या टोकाचा तपकिरी भाग मालकाला दाखवा. तो एका दिवसात तयार होत नाही.

प्रश्न : आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये उत्तम टिग वेल्डर आहे. तुटलेला स्टीलचा दांडा आत सळई घालून वेल्ड केला तर नवा घ्यायचा खर्च वाचेल ना?
*एक वाचक, उद्यमबाग*

उद्यमबागेतल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे काम हाताचे नाही, धातूचे आहे. शाफ्टची नळी ओढून बारीक केलेली आणि उष्णता देऊन कठीण व लवचिक केलेली असते. वेल्डिंगने सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तापून मऊ पडतो. आतली सळई तेवढा तुकडा ताठ करते, म्हणजे वाक थांबण्याची नवी रेषा सळईच्या टोकाशी, त्याच मऊ पडलेल्या धातूवर तयार होते. तिथे पुन्हा तुटणार, आणि या वेळी पाव किलोहून जड डोके वेगाने उडणार. कोणाच्या तरी कपाळात. शिवाय क्रोम जळताना निघणारा धूर वेल्डरच्या फुप्फुसाला घातक असतो. एकदाही करू नका.

तुटलेल्या टोकापासून कापून उरलेला दांडाच परत बसवू, असेही काही जण विचारतात. वरचा भाग जाड असला तर तो भोकात जात नाही. घासून पातळ केला तर भिंतच जाते. आणि स्टिक दीडदोन इंच आखूड होते.

वर्कशॉपचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. लाकडाचे किंवा नायलॉनचे दोन ठोकळे घेऊन त्यात दांड्याच्या जाडीची अर्धगोल खाच पाडून घ्या. व्हाइसमध्ये दांडा धरताना हे ठोकळे दोन्ही बाजूंना लावले की तो चेपत नाही. घरी दुरुस्ती करताना चांगले दांडे सर्वात जास्त खराब होतात ते उघड्या व्हाइसच्या दात्यांनी.

प्रश्न : माझ्या ड्रायव्हरला ग्रॅफाइटचा दांडा आहे. मूळचा चार वर्षं टिकला. बदललेला दोन महिन्यांत हॉझलच्या काठाला सुरीने कापल्यासारखा तुटला, त्यानंतरचा पाच आठवड्यांत. दांडे वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. दोष कुणाचा?
*एक वाचक, कँप*

दोन वेगळ्या कंपन्यांचे दांडे एकाच रेषेवर तुटले म्हणजे दोष दांड्यांचा नाही, जोडणीचा आहे. बारकाईने लिहितो, कारण ही चूक फार ठिकाणी होते.

ग्रॅफाइटचा दांडा म्हणजे कार्बनच्या बारीक तंतूंचे थर रेझिनमध्ये बसवून केलेली नळी. ओढायला, वाकवायला तो चिवट असतो, पण कडेने कापणाऱ्या धारेपुढे दुबळा. स्टील अशा धारेला पुरून उरते, ग्रॅफाइटचे तंतू एकेक करून तुटतात. हॉझलच्या तोंडाची आतली कड धारदार काटकोनी असेल तर प्रत्येक फटक्यात दांडा त्या कडेवर दाबला जातो. ‘सुरीने कापल्यासारखा’ हे तुमचे शब्द अगदी बरोबर आहेत. एका मोठ्या आघाताने मोडलेला ग्रॅफाइट झाडूसारखा विस्कटतो, सपाट कापला जात नाही.

म्हणून ग्रॅफाइट बसवण्याआधी हॉझलच्या तोंडाला आतून उतार द्यावा लागतो : साधारण 20 अंशांचा, दोनतीन मिलिमीटर खोलीपर्यंत. त्या उतारात इपॉक्सी भरते आणि धातू व तंतू यांच्यामध्ये उशी तयार होते. मूळच्या दांड्याच्या वेळी हा उतार असणार. दांडा बदलताना जुने इपॉक्सी साफ करायला कोणी सरळ ड्रिल घातले असेल तर उतार खराब झाला, किंवा उतार शाबूत असूनही त्यात इपॉक्सी भरलेच नाही.

बाकीच्या चुका क्रमाने तपासा. पहिली, घासणे. चिकटण्यासाठी दांड्याच्या टोकावरचा रंग काढावा लागतो, पण फक्त रंग. 120 किंवा 150 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल फिरवत घासा; चमक गेली आणि मंद काळा रंग दिसला की थांबा. तंतू सुटे होऊ लागले म्हणजे भार पेलणारा थरच निघाला. भोकाची खोली आधी दांडा कोरडाच आत घालून पेन्सिलने खुणवा आणि त्या खुणेच्या 3 मिलिमीटर खालपर्यंतच घासा. खुणेच्या वर घासलेला दांडा उघड्यावर दुबळा राहतो, तोही नेमक्या वाकाच्या जागी. स्टीलच्या दांड्याला 60 ते 80 नंबरचा पेपर चालतो. तिथे क्रोम पूर्ण निघायलाच हवा, कारण चकचकीत क्रोमला इपॉक्सी धरत नाही.

दुसरी, माप. ‘वुड’ म्हणवल्या जाणाऱ्या स्टिकांना, म्हणजे ड्रायव्हर वगैरेंना, बहुधा साडेआठ मिलिमीटरचे टोक लागते, आयर्नना 9.4 मिलिमीटरचे सरळ किंवा 9 मिलिमीटरचे निमुळते. बारीक दांडा मोठ्या भोकात बसवून मधली जागा कागद, दोरा, फक्त डिंक यांनी भरली तर दांडा एका बाजूला टेकतो आणि तिथेच कापला जातो. फरक असेल तर पितळी पत्र्याची त्या मापाची नळी मध्ये घालतात.

तिसरी, वजन. डोके जड वाटावे म्हणून दांड्याच्या टोकात शिशाची किंवा पितळेची खुंटी घालतात. ती हॉझलच्या तोंडाच्या वर येईल इतकी लांब असली तर दांडा खुंटीच्या वरच्या टोकाला मोडतो. खुंटी हॉझलच्या आतच संपली पाहिजे.

चौथी, उष्णता. जुना दांडा काढताना हॉझल तापवतात. गॅसची उघडी ज्योत लावली तर स्टीलला फारसे होत नाही, पण ग्रॅफाइटचे रेझिन जळते आणि थर सुटतात. हीट गनच वापरा, हॉझलच्या धातूवर फिरती ठेवा, एकेका मिनिटाने ओढून बघा. ओढायचे सरळ. पिळून काढलेला ग्रॅफाइट बाहेरून चांगला दिसतो, आतून उभा फाटलेला असतो. तुमच्या ड्रायव्हरला स्क्रूने सुटणारी बाही (दांडा डोक्याला जोडणारी सुटी नळी) असेल तर आधी स्क्रू काढून बाही वेगळी करा आणि फक्त बाहीच तापवा. डोक्याला उष्णता लावायचे कारणच नाही. बाहीच्या तोंडालाही वर सांगितलेला उतार हवा.

आता जोडणी. भोक तारेच्या गोल ब्रशने साफ करा, थिनर किंवा ॲसिटोनने पुसा, वाळू द्या. फेरूल दांड्यावर आधीच चढवा, नंतर चढत नाही. इपॉक्सीचे दोन भाग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घेऊन पूर्ण एकजीव होईपर्यंत, निदान दोन मिनिटे, मिसळा. पाच मिनिटांत धरणारे इपॉक्सी खेळण्यांना ठीक आहे. गोल्फच्या धक्क्यांना आणि ओलीला ते टिकत नाही. चोवीस तासांचे घ्या. भोकात आतून आणि दांड्याच्या टोकावर बाहेरून, दोन्हीकडे लावा. दांडा गोल फिरवत तळापर्यंत न्या. निदान एक इंच दांडा आत असलाच पाहिजे. बाहेर आलेले पुसा, डोक्याची दिशा बघा, आणि स्टिक न हलणाऱ्या कोपऱ्यात उभी करा. चोवीस तास. पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या थंडीत अठ्ठेचाळीस तास थांबलात तर नुकसान काहीच नाही.

ग्रॅफाइटची लांबी कापायची झाली तर नळी कापायचे फिरते कटर वापरू नका, ते दाबून कापते आणि तंतू चुरडतात. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि बारीक दात्याच्या हॅक्सॉ ब्लेडने फिरवत फिरवत कापा. तोंडाला मास्क लावा, फडके ओले ठेवा. ती काळी धूळ श्वासात आणि कातडीत जायला नको.

प्रश्न : 2022 मध्ये बिबट्यामुळे बेळगावच्या गोल्फ मैदानाकडे जाणं बंद झालं, तेव्हा बॅग माळ्यावर गेली ती आता काढली आहे. स्टिका वापरू का? जुना सेट विकत घेतानाही हेच बघायचं का?
*एक वाचक, जाधवनगर*

हो, दोन्हीसाठी तपासणी एकच. इतका काळ बंद बॅगेत पडलेल्या स्टिका थेट मैदानावर नेऊ नका.

स्टीलचा दांडा डोळ्यांसमोर आडवा धरून बंदुकीच्या नळीसारखा बघा, हळूहळू फिरवा. वाक असेल तर प्रकाशाची रेघ डगमगते. वाकलेला स्टीलचा दांडा गुडघ्यावर सरळ करून वापरायचा नाही, सरळ करताना तो दुसऱ्यांदा दुखावतो. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील आणि नख अडकत असेल तर गंज मुलाम्याच्या खाली गेला आहे. असे ठिपके फेरूलपासून चार बोटांच्या आत असतील तर दांडा बदला; पकडीजवळ असतील तर वापरत राहा, नजर ठेवा.

ग्रॅफाइटवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू तुटला असेल तिथे कापूस अडकतो. बॅगेच्या तोंडाशी दांडा जिथे घासतो ती जागा विशेष बघा. शेजारच्या आयर्नचे डोकेही तिथेच आपटत राहते. रंग गेला असेल तर हरकत नाही, खळगा पडला असेल तर आहे.

मग पकड एका हातात, डोके दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्या. करकर ऐकू आली किंवा डोके किंचित फिरले तर इपॉक्सी सुटले आहे. फेरूल आणि हॉझल यांच्यामध्ये फट दिसणे हेही त्याचेच लक्षण. स्टिक हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळत असेल तर बहुधा सुटलेल्या इपॉक्सीचा खडा आहे. त्याने दांडा मोडत नाही, पण सांध्याकडे बघायला लावतो. जुन्या सेटच्या पकडी कडक झालेल्या असतात. त्या बदलताना खाली गंज आहे का तेही दिसते, म्हणून विकणाऱ्याकडून एक तरी पकड काढून बघायची परवानगी मागा.

प्रश्न : महिन्यातून दोनदा बेळगावला खेळायला येतो, एरवी बॅग कारच्या डिकीतच असते. परवा डोकं निघून गेलं, दांडा मात्र अख्खा. हा मोडण्याचाच प्रकार का?
*एक वाचक, निपाणी*

नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या कारची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि इपॉक्सी उष्णतेने हळूहळू ढिले पडते. रोज तापणे, रोज निवणे. दांड्याचे टोक साफ करून, वर लिहिल्याप्रमाणे घासून परत बसवता येईल. टोकावर क्रोम तसाच चकचकीत दिसला तर बसवणाऱ्याने घासलेच नव्हते, मग डिकीला दोष देऊ नका. बॅग घरात ठेवा. गाडीत नेताना डोक्यांवर टोपरी घाला आणि बॅगेवर स्टेपनी, जॅक असे काही ठेवू नका.

प्रश्न : स्पर्धेत मधेच दांडा मोडला तर दुसरी स्टिक घेता येते का?
*एक वाचक, अनगोळ*

1 जानेवारी 2023 पासूनच्या नियमांत येते, अट एकच : स्टिक तुम्ही रागाने आपटून, फेकून मोडलेली नसावी. खेळताना मोडली तर दुरुस्त करा किंवा बदला, खेळ न खोळंबवता. मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्या खेळाडूची स्टिक मात्र घेता येत नाही, आणि एकूण स्टिका 14 च्या वर जाता कामा नयेत. रागाने मोडली असेल तर ती मोडकीच वापरा किंवा तिच्याशिवाय खेळा.

प्रश्न : मी गोल्फ खेळत नाही, शेती करतो. पण दांडा मोडायचा प्रश्न आमचाही आहे. टिकावाचा दांडा वर्षाला दोन जातात, तेही लोखंडाच्या खालीच मोडतात. चांगला दांडा कसा ओळखायचा?
*एक वाचक, खानापूर तालुका*

तुमचा प्रश्न इथे परका नाही. गोल्फचे दांडेही पूर्वी लाकडाचे, हिकरी नावाच्या झाडाचे असत. ब्रिटनमधल्या नियामक मंडळाने स्टीलला परवानगी दिली ती 1929 मध्ये. आणि मोडण्याची जागा तुमची नि त्यांची एकच आहे, कारणही तेच : लोखंडात धरलेला भाग वाकत नाही, बाहेरचा वाकतो.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात धामण ओळखणारे लोक अजून आहेत. धामणीचे लाकूड लवचिक आणि चिवट. कावडीच्या दांड्याला ते म्हणूनच वापरत आले. बाभूळही चांगली, फक्त जड. झाड मात्र स्वतः तोडू नका, वखारीतून तयार दांडा घ्या. झाडाच्या जातीपेक्षा रेषा महत्त्वाची. दांड्याच्या अंगावरच्या उभ्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. रेषा मधेच तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर दांडा त्याच तिरक्या वाटेने फाटणार. गाठ वरच्या एक फुटात नको. ओले लाकूड नको. सावलीत चारसहा महिने वाळलेले हवे, नाहीतर बसवल्यावर आकसते आणि लोखंड हलू लागते.

बसवताना लोखंडाच्या खाली खाच किंवा पायरी ठेवू नका. कानशीने उतार असा काढा की जाड भागाकडून बारीक भागाकडे हात फिरवताना बोट कुठेच अडकणार नाही. ढिला झाला म्हणून खिळा ठोकू नका, चीर तिथूनच सुरू होते. सुक्या लाकडाची पाचर मारा. पाण्यात भिजत घालण्याची पद्धत एका दिवसाचे काम भागवते. लाकूड फुगते, लोखंडावर दाबून त्याचे तंतू चेपतात, आणि सुकल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त ढिला होतो.

आणि जांभ्यातला दगड टिकावाने उचकटू नका. टिकाव घाव घालायला केलेला आहे. उचकटताना सगळा भार दांड्याच्या त्याच एका रेषेवर आडवा येतो. त्या कामाला पहार घ्या. घाव चुकून दांडाच दगडाच्या कडेवर आपटत असेल तर लोखंडाच्या खाली वीतभर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. पावसाळ्याआधी ती सोडून लाकूड बघा, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, वाळल्यावर दुसरा द्या, आणि मगच पट्टी परत बांधा, नाहीतर ओल आत कोंडून दांडा तिथेच कुजतो.